लिनक्स घेतलं, कुलूप कुणी लावायचं?

‘लिनक्सला व्हायरस लागत नाही’ हे वाक्य संगणकाच्या दुकानात, कॉलेजच्या लॅबमध्ये आणि घरगुती सल्ल्यांत इतकी वर्षं फिरतंय, की आता ते कुणी तपासून बघत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नियमित आधार थांबवला. ज्या जुन्या लॅपटॉपांवर विंडोज ११ चालत नाही, त्यांवर मिंट नाहीतर उबुंटू हे लिनक्सचे तयार संच, म्हणजे डिस्ट्रो, टाकून घ्या, असा सल्ला तेव्हापासून पुन्हा जोरात सुरू झाला आहे. सल्ला चांगलाच आहे, पण त्यामागचं जे कारण सांगितलं जातं ते अर्धंच खरं आहे.

इथे दोन प्रश्न एकमेकांत मिसळतात. मी संगणकावर काय करतो हे कुणाकुणाला कळतं, हा खासगीपणाचा प्रश्न. माझ्या संगणकावर माझ्या परवानगीशिवाय कोण काय करू शकतं, हा सुरक्षिततेचा. पहिल्या प्रश्नात लिनक्स बसवल्याबरोबर बराच फायदा मिळतो. दुसऱ्यासाठी लिनक्सकडे उत्तम हत्यारं आहेत, पण त्यांतली निम्मी म्यान करून ठेवलेली असतात आणि ती उपसायचं काम वापरणाऱ्यावर सोडलेलं असतं.

मालकाची नजर

विंडोजच्या होम आणि प्रो आवृत्त्यांत निदानासाठी पाठवला जाणारा ‘आवश्यक’ डेटा पूर्ण बंद करण्याची सोय नाही. मे २०२४मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘रिकॉल’ जाहीर केलं. दर काही सेकंदांनी पडद्याचं चित्र टिपून ठेवणारी ही सोय टीका झाल्यावर ‘मागितली तरच’ अशी करावी लागली. लिनक्सच्या जगात प्रथा उलटी आहे. डेबियन बसवताना वापराची आकडेवारी पाठवायची का, असं विचारतं आणि आधीपासून निवडलेलं उत्तर ‘नाही’ असतं. केडीई या डेस्कटॉपमध्येही अशी माहिती पाठवणं मुळात बंद असतं.

म्हणून इथे सगळे साधुसंत आहेत असं मात्र नाही. ऑक्टोबर २०१२मध्ये आलेल्या उबुंटू १२.१०मध्ये स्वतःच्याच संगणकावरची फाईल शोधायला दोन अक्षरं टाइप केली, तरी ती उबुंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकल कंपनीच्या सर्व्हरवर जायची आणि शोधाच्या निकालात ॲमेझॉनवरच्या वस्तू दिसायच्या. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीच्या रिचर्ड स्टॉलमन यांनी त्याला थेट हेरगिरी म्हटलं, डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थांनीही कोरडे ओढले. अखेर एप्रिल २०१६च्या १६.०४ आवृत्तीत ती सोय मुळातूनच बंद ठेवण्यात आली. म्हणजे लिनक्सवाल्यांनाही मोह होतो. फरक इतकाच, की तो लपवता येत नाही, आणि पटलं नाही तर त्याच कामाचा दुसरा डिस्ट्रो घेऊन निघून जाता येतं. मालक बदलण्याची ही मोकळीक हाच खासगीपणाच्या बाबतीत लिनक्सचा सर्वांत मोठा फायदा.

उघडा कोड, मिटलेले डोळे

सोर्स कोड सगळ्यांसमोर आहे, म्हणून चूक लपत नाही, हा दुसरा आवडता युक्तिवाद. कोड वाचता येतो हे खरं. तो कुणी वाचतंच असतं, असं नाही.

२००६मध्ये डेबियनच्या एका सांभाळकर्त्याने ओपनएसएसएल या कूटलेखनाच्या लायब्ररीतल्या, तपासणीचं साधन कुरकुर करत होतं अशा काही ओळी काढल्या. त्या ओळींबरोबर यादृच्छिकताच गेली. त्यानंतर बनलेल्या प्रत्येक प्रकारच्या किल्लीचे फक्त ३२,७६८ पर्याय उरले. साध्या संगणकालाही ते सगळे करून पाहणं अवघड नाही. ही गोष्ट मे २००८मध्ये उघड झाली, तोवर दोन वर्षं डेबियन आणि उबुंटूवर अशा तकलादू किल्ल्या बनत राहिल्या. एप्रिल २०१४मध्ये त्याच ओपनएसएसएलमध्ये ‘हार्टब्लीड’ सापडला. तीही चूक दोन वर्षं जुनी होती. जगातल्या कितीतरी बँका आणि दुकानं ज्या प्रकल्पावर विसंबून होती, त्याला वर्षाकाठी मिळणाऱ्या देणग्या दोनेक हजार डॉलर असल्याचं तेव्हा बाहेर आलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बॅश या कमांड-कवचातली ‘शेलशॉक’ नावाची चूक सापडली, तिचं वय तर पंचवीस वर्षं होतं.

या सगळ्या चुका होत्या. २०२४चं प्रकरण ठरवून केलेलं होतं. फाईली दाबून लहान करणाऱ्या एक्सझेड या साधनाचा भार एक थकलेला माणूस फावल्या वेळात एकट्याने वाहत होता. ‘जिया तान’ या नावाने कुणीतरी मदतीला आलं. दोनेक वर्षं इमानेइतबारे काम करून विश्वास कमावला आणि प्रकल्पाच्या किल्ल्या मिळाल्यावर ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मागचं दार बसवलं. त्या दारातून एसएसएच, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर शिरण्याचा मुख्य रस्ता, काबीज होणार होता. हल्लेखोराची खुबी अशी, की अपायकारक भाग सगळ्यांच्या नजरेसमोरच्या कोडमध्ये सरळ लिहिलेला नव्हता. चाचणीसाठी ठेवलेल्या फाईलींत तो दडवला होता, आणि त्याला जागं करणारा तुकडा फक्त वितरणासाठी बांधलेल्या गाठोड्यात होता. आंद्रेस फ्रॉइंड या मायक्रोसॉफ्टमधल्या अभियंत्याला आपल्या चाचण्यांत एसएसएचने लॉगइन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं. तो चिकाटीने मागे लागला आणि २९ मार्च २०२४ला सगळं उघड झालं. तोवर ती आवृत्ती डेबियनच्या चाचणी शाखांत, फेडोराच्या येऊ घातलेल्या आवृत्तीत आणि आणखी काही ठिकाणी पोचली होती. सर्वसामान्य लोक वापरतात त्या स्थिर आवृत्त्या थोडक्यात वाचल्या.

यातून दोन गोष्टी निघतात. कोड उघडा असल्यामुळेच बाहेरच्या एका माणसाला मुळाशी जाता आलं; बंद सॉफ्टवेअरमध्ये तो अर्धा सेकंद कदाचित कायमचा राहिला असता. आणि दुसरी गोष्ट वापरणाऱ्याच्या हातातली: ज्या यंत्रावर पैशाचे व्यवहार होतात, तिथे अगदी ताजं सॉफ्टवेअर मिरवण्यापेक्षा स्थिर आवृत्ती आणि तिचे सुरक्षा-अपडेट बरे.

सॉफ्टवेअर येतं कुठून

लिनक्सवर व्हायरस कमी दिसतात याचं खरं श्रेय बऱ्याच अंशी रेपोला, म्हणजे डिस्ट्रोच्या सॉफ्टवेअर-भांडाराला जातं. विंडोजवर माणूस गुगलवर शोधून कुठल्याही साईटवरून ‘सेटअप’ उतरवतो. लिनक्सवर तो ओळखीच्या भांडारातून पॅकेज घेतो, आणि संगणक त्याची डिजिटल सही तपासूनच ते बसवतो. या शिस्तीबाहेर पाऊल पडलं, की संरक्षण तिथेच संपतं.

२० फेब्रुवारी २०१६ला लिनक्स मिंटच्या संकेतस्थळावर घुसून हल्लेखोरांनी डाउनलोडचा दुवाच बदलला. त्या दिवशी मिंट १७.३ची सिनॅमन आवृत्ती तिथून घेणाऱ्यांना मागचं दार बसवलेली प्रत मिळाली. प्रत तपासण्याचा आकडा त्याच साईटवर असेल आणि साईटच फोडली गेली असेल, तर त्या आकड्याला काय अर्थ? म्हणून प्रकल्पाच्या सहीने तपासणी करायची असते, आणि तीच पायरी बहुतेक जण गाळतात.

भांडारं सगळी सारखी नसतात, हेही ध्यानात घ्यायला हवं. आर्च लिनक्सच्या एयूआरमध्ये कुणीही पॅकेज टाकू शकतं. २०१८मध्ये तिथे वाऱ्यावर सोडलेलं एक पॅकेज ताब्यात घेऊन त्यात घातक कोड घातला गेला. जुलै २०२५मध्ये ब्राउझरच्या दुरुस्त्या असल्याचं भासवणारी पॅकेजं सापडली, त्यांच्यातून दुरून संगणक चालवणारं सॉफ्टवेअर बसत होतं. उबुंटूच्या स्नॅप स्टोअरवर २०१८मध्ये एका खेळाच्या आड क्रिप्टो-चलनाचं उत्खनन चाललेलं उघड झालं, पुढे बनावट क्रिप्टो-पाकिटंही आली. आणि सगळ्यांत घातक सवय म्हणजे इंटरनेटवर कुठेतरी दिसलेली, ‘कर्ल’ने सुरू होऊन ‘सुडो बॅश’ने संपणारी ओळ जशीच्या तशी टर्मिनलमध्ये चिकटवणं. ती ओळ एका अनोळखी माणसाला तुमच्या यंत्राचं सर्वाधिकारपत्र देते.

भिंत चुकीच्या जागी

आता मूळ दुखण्याकडे येऊ. युनिक्सचा जन्म १९६९चा, बेल लॅब्जमधला. तेव्हा एक महागडं यंत्र अनेक जण वाटून वापरायचे, आणि एकाने दुसऱ्याच्या फाईली उघडू नयेत हा प्रश्न होता. परवानग्यांची सगळी रचना त्यासाठी झाली, आणि लिनक्सने तीच उचलली. अनेक बिऱ्हाडांच्या वाड्यात प्रत्येक खोलीला कुलूप असावं तसं हे होतं. आता त्या वाड्यात एकच कुटुंब राहतं, पण दिवसभर परक्या लोकांची ये-जा असते आणि ते सगळे घरच्यांच्याच नावाने आत येतात. तुम्ही चालवलेला प्रत्येक प्रोग्रॅम तुमच्या नावाने चालतो. साधा व्हिडिओ प्लेअरसुद्धा तुमच्या कागदपत्रांचा फोल्डर, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि एसएसएचच्या किल्ल्या वाचू शकतो. त्यासाठी त्याला सुडोचा, म्हणजे सर्वाधिकार देणाऱ्या कमांडचा, पासवर्ड लागत नाही. पासवर्ड लागतो तो सिस्टीमच्या फाईलींना हात लावायला, आणि त्या तर इंटरनेटवरून पुन्हा फुकट मिळतात. घरातल्या फोटोंचं आणि आयकराच्या कागदांचं तसं नाही.

पडद्याची गोष्ट याहून वाईट. १९८७पासून चालत आलेल्या एक्स-इलेव्हन या रचनेत एका खिडकीतला प्रोग्रॅम दुसऱ्या खिडकीत तुम्ही दाबलेली प्रत्येक कळ ऐकू शकतो. तुम्ही बँकेचा पासवर्ड टाइप करा, शेजारचा खेळ तो टिपू शकतो. वेलँड ही नवी रचना हे छिद्र बुजवण्यासाठीही महत्त्वाची आहे. फेडोराने २०१६मध्ये आणि उबुंटूने २०२१मध्ये वेलँड नेहमीसाठी स्वीकारलं. पण नवख्यांना सर्वांत जास्त सुचवल्या जाणाऱ्या मिंटच्या सिनॅमनमध्ये अजून एक्स-इलेव्हनच आधी सुरू होतं, वेलँड तिथे प्रयोगावस्थेत आहे. प्रोग्रॅमना मर्यादेत ठेवण्यासाठी उबुंटूवर ॲपआर्मर आणि फेडोरावर एसईलिनक्स असतं. गंमत म्हणजे यांतलं दुसरं अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेनेच बनवून २०००मध्ये खुलं केलं. पण दोघांचा मुख्य पहारा पार्श्वभूमीवर चालणाऱ्या सेवांवर असतो. तुम्ही स्वतः उघडलेल्या बहुतेक प्रोग्रॅमना ते फारसे अडवत नाहीत.

फ्लॅटपॅक ही प्रोग्रॅम बसवण्याची पद्धत इथे कामाला येते. त्यात प्रोग्रॅम आपापल्या कोंदणात चालतात आणि बाहेरचं काही हवं असेल तर त्याची परवानगी आधी नोंदवलेली असते. अट एवढीच, की ती नोंद वाचायची. कित्येक फ्लॅटपॅकना आख्खा होम फोल्डर, कधी सगळी डिस्कच उघडी दिलेली असते. ‘फ्लॅटसील’ हे छोटं साधन बसवून अनावश्यक परवानग्या काढून टाकता येतात. अनोळखी प्रोग्रॅमसाठी वेगळं युजर खातं काढणं हा जुना, साधा उपायही अजून चालतो, कारण भिंत मुळात दोन युजरांमध्येच आहे. उबुंटूने २०२१मध्ये नव्या खात्यांचे होम फोल्डर इतर युजरांना बंद केले. त्याआधी ते वाचायला मोकळे असत.

लॅपटॉप चोरीला गेला तर

वापरणाऱ्यांपैकी बहुतेकांना हॅकरपेक्षा लोकलमध्ये किंवा एसटीत विसरलेली बॅग जास्त महागात पडते. लॉगइनचा पासवर्ड इथे काहीच वाचवत नाही. दुसऱ्या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू केला, की डिस्कवरचं सगळं समोर. दुरुस्तीला दिलेल्या लॅपटॉपलाही हेच लागू.

यावर उपाय म्हणजे एलयूकेएस, म्हणजे संपूर्ण डिस्कचं एन्क्रिप्शन. लिनक्स बसवतानाच ते निवडावं लागतं; नंतर चालू यंत्रावर करणं किचकट आणि धोक्याचं. उबुंटू २४.०४मध्ये हा पर्याय ‘प्रगत’ नावाच्या बटणाआड ठेवला आहे, जणू काही तो फक्त तज्ज्ञांसाठीच असावा. दोन खबरदाऱ्या घ्यायच्या. एन्क्रिप्शनचं बळ परवलीच्या शब्दाएवढंच असतं, म्हणून तो लांब, चार-पाच असंबद्ध शब्दांचा असावा. आणि झाकण मिटून लॅपटॉप झोपवला, तर किल्ली मेमरीतच राहते. प्रिन्स्टनच्या संशोधकांनी २००८मध्ये मेमरी थंड करून अशी किल्ली काढून दाखवली होती. त्यामुळे प्रवासात यंत्र पूर्ण बंद करावं. परवलीचा शब्द विसरला तर मात्र ब्रह्मदेवही फाईली परत आणू शकत नाही, तेव्हा बॅकअप हवाच. मिंटमधलं टाइमशिफ्ट बॅकअप घेतं, असं समजून लोक निर्धास्त राहतात. ते मुळात सिस्टीमचं चित्र ठेवतं, तुमचा होम फोल्डर सोडून. त्यासाठी देजा-डूप किंवा तसंच दुसरं साधन वेगळं लावावं लागतं.

ब्राउझर आणि व्हीपीएन

दिवसातला बहुतेक वेळ ब्राउझरमध्ये जातो, आणि तिथे खालची सिस्टीम कुठली याने फारसा फरक पडत नाही. गुगल किंवा फेसबुकमध्ये लॉगइन करून फिरणाऱ्याची नोंद लिनक्सवरही तशीच होते. उलट एका बाबतीत लिनक्सवाला जास्त उठून दिसतो. २०१०मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने सुमारे ४ लाख ७० हजार ब्राउझर तपासले, तेव्हा त्यांतले जवळजवळ ८४ टक्के एकमेवाद्वितीय ठरले. पडद्याचा आकार, फॉन्ट, वेळेचा पट्टा अशा खुणा जुळवून कुकीशिवायही माणूस ओळखता येतो. जगातल्या डेस्कटॉपांत लिनक्सचा वाटा चारेक टक्के. त्यात मराठी फॉन्ट, मराठी भाषेची निवड आणि भारतीय वेळ यांची भर घातली, की गर्दी आणखी विरळ होते. यावर खरा तोडगा टॉर ब्राउझरचा, कारण तो सगळ्यांना मुद्दाम एकसारखं दाखवतो. रोजच्या कामासाठी फायरफॉक्स आणि त्यात जाहिराती अडवणारं युब्लॉक ओरिजिन एवढं तरी असावं. डझनभर एक्स्टेन्शनं घातली, तर ओळख आणखी पक्की होते.

व्हीपीएनच्या जाहिरातींवरही डोळे झाकून विश्वास ठेवू नये. व्हीपीएनमुळे इंटरनेट पुरवणाऱ्याची नजर चुकते, पण तीच नजर व्हीपीएनवाल्याला मिळते. भारतात तर सर्ट-इन या सरकारी सायबर-सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या आदेशाने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची नावं, पत्ते आणि आयपी पाच वर्षं जपून ठेवणं बंधनकारक झालं. त्यावर एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी आपले भारतातले सर्व्हर हलवले. कॉफीशॉपच्या वायफायवर व्हीपीएन वापरणं ठीक. त्याला अदृश्य होण्याचा मंत्र समजू नये.

टोकाची गरज

पत्रकार, वकील, चळवळीतले कार्यकर्ते यांना याहून जास्त हवं असतं. त्यांच्यासाठी खास सिस्टीम आहेत. टेल्स पेनड्राइव्हवरून चालतं, सगळी रहदारी टॉरमधून नेतं आणि बंद केल्यावर यंत्रावर काही खूण ठेवत नाही. २०१३मध्ये एनएसएची गुपितं उघड करणाऱ्या एडवर्ड स्नोडेन यांच्याशी संपर्कात असलेल्या पत्रकारांनी ते वापरलं. २०२४मध्ये ते टॉर प्रकल्पातच सामील झालं. जोआना रुत्कोव्स्का यांनी सुरू केलेलं क्यूब्स मघाच्या भिंतीच्या प्रश्नाला थेट भिडतं: बँक, काम, अनोळखी ईमेल यांना वेगवेगळी आभासी यंत्रं, म्हणजे एकात आग लागली तरी दुसऱ्याला झळ नाही. त्यासाठी भरपूर रॅम आणि तेवढाच संयम लागतो. ज्याला धोका नाही त्याने हे वापरलं तर चार दिवसांत कंटाळून तो परत जुन्या सवयींवर येतो.

सरकारी टेबलावरचं लिनक्स

भारत सरकारनेही या वाटेवर पावलं टाकली आहेत. सी-डॅकचं बॉस लिनक्स २००७पासून आहे; २०२३मध्ये संरक्षण मंत्रालयाने उबुंटूवर बेतलेलं ‘माया’ आणायचं ठरवलं. हल्लेखोरही मागोमाग आले. २०२३मध्ये सरकारी ईमेलच्या ‘कवच’ या ॲपचं सोंग घेतलेलं लिनक्ससाठीचं मालवेअर सापडलं. ते पाकिस्तानशी जोडल्या जाणाऱ्या ट्रान्सपरंट ट्राइब या टोळीचं असल्याचं संशोधकांनी म्हटलं. २०२५मध्ये त्याच टोळीने बॉस वापरणाऱ्यांना ‘डेस्कटॉप’ प्रकारच्या फाईली पाठवल्या. नाव आणि चिन्ह पीडीएफचं, उघडली की खरीखुरी दिसणारी पीडीएफ समोर येते आणि मागून कमांड चालते. ‘लिनक्सला व्हायरस लागत नाही’ या समजुतीवरच असे हल्ले पोसले जातात. इतके दिवस लिनक्स डेस्कटॉप वाचला, त्यात भिंतीच्या भक्कमपणाइतकाच चोरांच्या अनास्थेचाही वाटा होता.

आधी काय, नंतर काय

एवढा पसारा बघून माणूस घाबरतो आणि काहीच करत नाही. म्हणून क्रम महत्त्वाचा. सर्वांत आधी अपडेट, तेही आपोआप होणारे, कारण सापडलेल्या छिद्रांचा धोका नव्या छिद्रांपेक्षा किती तरी मोठा असतो. २०२१मध्ये सुडोतच दहा वर्षं जुनी चूक निघाली, २०२२च्या जानेवारीत परवानग्या हाताळणाऱ्या पोलकिटमध्ये बारा वर्षांची. दोन्हींचे अपडेट जाहीर होताच उपलब्ध होते, ज्यांनी घेतले ते सुटले. त्यानंतर डिस्कचं एन्क्रिप्शन आणि बॅकअप. मग प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड देणारं पासवर्ड मॅनेजर. पुढे रेपोबाहेरचं सॉफ्टवेअर न घेण्याची शिस्त, फ्लॅटपॅकच्या परवानग्या, वेलँड. उबुंटूवर यूएफडब्ल्यू हा फायरवॉल बंद असतो, तो एका कमांडने सुरू करावा, पण त्याला या यादीत तळाशीच जागा. अँटिव्हायरस त्याहूनही खाली. तो मुख्यतः विंडोजवाल्यांकडे पुढे जाणाऱ्या फाईली तपासायला उपयोगी.

लिनक्सची खरी उणीव तंत्राची नाही. चांगल्या गोष्टी बंद ठेवून द्यायच्या आणि त्या चालू करणं वापरणाऱ्याच्या हुशारीवर सोडायचं, ही ती उणीव. एन्क्रिप्शन न मागता मिळावं, कोंदणात चालणं हा नियम व्हावा, परवानग्या मोबाइलसारख्या समोर येऊन विचाराव्यात, या मागण्या डिस्ट्रोंकडे लावून धरण्यासारख्या आहेत. आपल्याकडे लिनक्स बहुधा कुणीतरी टाकून दिलेलं असतं: भाच्याने मामाच्या जुन्या लॅपटॉपवर, शिक्षकाने शाळेच्या यंत्रांवर, नातवाने आजोबांच्या संगणकावर. मामा सही तपासणार नाही, आजोबा फ्लॅटसील उघडणार नाहीत. ते काम टाकून देणाऱ्याचं. मिंट २२ आणि उबुंटू २४.०४ यांचा नेहमीचा आधार २०२९मध्ये संपतो. ज्याने ते बसवलं, त्याने ते वर्ष आजच आपल्या कॅलेंडरमध्ये टाकून ठेवावं.